क्षमा कोणी करावयाची?

यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर चोरांच्या हाती सापडलेल्या मनुष्याचा दाखला ज्यास ठाऊक नाही असा सभासद आपल्या मंडळ्यांत सापडणे कठीण. शब्बाथ शाळेतील लहान मुलेही तो तोंडपाठ सांगतात. त्यावर आपण जे उपदेश ऐकतो ते बहुधा ‘माझा शेजारी कोण?’ ह्या प्रश्नास धरून असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या दाखल्याकडे आज आपण थोड्या निराळ्या बाजूने पाहावे अशी आमची विनंती आहे. हा दाखला एका गुन्ह्याचा आहे. वाटमारी झाली, मारहाण झाली, अंगावरची वस्त्रेही लुटली गेली. आणि नवल हे की, चोरांचे पुढे काय झाले ह्याविषयी प्रभूने एक शब्दही सांगितला नाही. त्याने आपली दृष्टी जखमी मनुष्यावर खिळवून ठेविली आहे. याजक त्याच्याजवळून कसा गेला, लेवी कसा गेला, शोमरोनी कसा थांबला, जखमांस काय लाविले, उतारशाळेत किती पैसे दिले, हे सर्व त्याने बारकाईने सांगितले. गुन्हा घडल्यानंतर देवाच्या लोकांची परीक्षा कोठे होते, हे त्याने आपणांस दाखविले. ती परीक्षा जखमी मनुष्याच्या शेजारी होते.

आता आपल्या एखाद्या खेड्याकडे वळू. पुढील हकीकत कोणा एका गावची नव्हे. परंतु ती वाचून ‘असे आमच्याकडे होत नाही’ असे छातीवर हात ठेवून किती मंडळ्यांस म्हणता येईल, ह्याची आम्हांस शंका आहे. समजा की, एका विधवेची सोळा वर्षांची मुलगी सरपण आणावयास गेली असता मंडळीतील एका वजनदार कुटुंबातील तरुणाने तिजवर अत्याचार केला. मुलगी रडत घरी आली. आईने पदराने तोंड झाकून पाळकांच्या घरची वाट धरली. रात्री चार वडीलधारी माणसे जमली. ज्या घरचा तो तरुण, त्याच घराने मंदिराच्या छपरास पत्रे दिलेले होते. एकजण म्हणाले, “बाई, झाले ते झाले; पोरीचे लग्न अजून व्हावयाचे आहे.” दुसरे म्हणाले, “आपण ख्रिस्ती माणसे. प्रभूने क्षमा करावयास सांगितले आहे.” तिसरे म्हणाले, “कोर्टात गेलो तर गाव आपल्या धर्मास हसेल.” अखेरीस काही हजार रुपये ठरले, प्रार्थना झाली, आणि सर्वजण समाधानाने घरोघर गेले. त्या दोघी मायलेकी मात्र जशा आल्या तशाच परत गेल्या.

त्या बैठकीस जमलेले लोक दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांपैकी कित्येकांचा हेतू चांगलाच असेल. शांती करणाऱ्यांस धन्य म्हटले आहे हे त्यांच्या मनात असेल. परंतु चांगल्या हेतूने केलेली गोष्ट नेहमी न्यायाची असतेच असे नाही. म्हणून त्यांनी दिलेली तीनही कारणे आपण एकेक करून तपासून पाहू.

पहिले कारण क्षमेचे. क्षमा ही आपल्या विश्वासाच्या मुळाशीच आहे; जो क्षमा करीत नाही त्याची प्रार्थनाही अडखळते. ह्याविषयी वाद नाही. परंतु क्षमा कोणी करावयाची, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीच विचारला नाही. एकाच्या घरून दोन पायली जोंधळे कोणी उसने नेले, आणि तिसराच मनुष्य ओट्यावर बसून ऋणकोस म्हणाला की, “जा, तुला माफ केले,” तर त्या माफीस सारे गाव हसेल. ज्याचे धान्य गेले त्यासच माफ करण्याचा अधिकार. मग ज्या मुलीचे शरीर आणि मन भंगले, तिच्या वतीने चार पुरुषांनी क्षमा जाहीर करावी, हे कोणत्या न्यायाने? त्यांचे तर काहीच गेले नव्हते. दुसऱ्याच्या कोठारातील धान्य दान करणाऱ्यास आपण दाता म्हणत नाही.

तसेच, क्षमा म्हणजे काही घडलेच नाही असे म्हणणे नव्हे. उलट, जेथे अपराध घडला हे सत्य प्रथम उघडपणे मान्य होते, तेथेच क्षमेस जागा मिळते. देवाने आपल्या पापांची क्षमा केली ती पाप क्षुल्लक आहे असे म्हणून केली नाही. त्या क्षमेची किंमत वधस्तंभावर भरली गेली. सत्य झाकून जी क्षमा मागितली जाते ती क्षमा नव्हे, ते केवळ गप्प बसविणे होय. आणि ती मुलगी पुढे कधी देवाच्या कृपेने त्या तरुणास मनापासून क्षमा करील, तरीही न्यायासनापुढे खरे सांगण्यास तिला कोणतीच आडकाठी नाही. क्षमेने तिच्या अंतःकरणातील द्वेष दूर होतो; घडलेली गोष्ट पुसली जात नाही. शिवाय उद्या त्याच वाटेने दुसऱ्या कोणाची मुलगी सरपणास जाणार आहे. तिच्या वतीने आज क्षमा करण्याचा अधिकार तर ह्या पहिल्या मुलीसही नाही.

दुसरे कारण कोर्टाचे. प्रेषित पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, बंधूने बंधूवर अविश्वासी लोकांपुढे फिर्याद करावी ह्याविषयी त्यांस लाज वाटावयास लाविली आहे, असे पुष्कळ जण दाखवून देतात. खरे आहे. परंतु तेथे बोलणे चालले आहे ते संसारातील देण्याघेण्याच्या तंट्यांविषयी. अशा तंट्यात स्वतःचे नुकसान सोसणे बरे, असे तो सांगतो. स्वतःचे सोसावे, असे तो म्हणतो. दुबळ्यावर झालेला जुलूम आपण मुकाट्याने पाहावा, असे तो म्हणत नाही. आणि जुलूम खुद्द त्याजवर झाला तेव्हा त्याने काय केले? फिलिप्पै येथे चौकशीवाचून फटके मारून त्याला आणि सीलास ह्याला बंदिशाळेत टाकिले, आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचे ठरविले. तेव्हा तो गुपचूप निघाला नाही. ज्यांनी उघडपणे मारले त्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरिला. यरुशलेमेत फटक्यांसाठी बांधीत असता त्याने शताधिपतीस कायद्याचा प्रश्न विचारला. फेस्ताच्या न्यायासनापुढे त्याने कैसराकडे दाद मागितली. ज्याला कायद्याचे संरक्षण होते त्याने ते संरक्षण मागितले, आणि त्यात त्याच्या विश्वासास कमीपणा आला नाही.

येथे आपल्या देशातील फौजदारी कायद्याची रीतही ध्यानात घ्यावी. खून, बलात्कार, अपहरण अशा भारी गुन्ह्यांत खटला चालवितो तो फिर्यादी नव्हे, तर सरकार. जखमी मनुष्य तेथे साक्षीदार असतो. म्हणून पोलीस ठाण्यात जाणे म्हणजे बंधूवर पैशासाठी दावा लावणे नव्हे. ज्या अधिकारास पौल देवाचा सेवक म्हणतो, त्या अधिकारापुढे सत्य सांगणे होय. गावातील लहानसहान तंटे गावातच मिटावेत म्हणून महाराष्ट्र सरकारने २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आणि बांधाच्या अथवा भाऊबंदकीच्या भांडणांस ती रीत उपयोगीही आहे. परंतु बलात्काराचा गुन्हा आपसांत मिटविण्याजोगा नाही, आणि तडजोड झाली हे कारण दाखवून शिक्षा कमी करिता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा त्या रात्रीच्या बैठकीने जे मिटविले, ते मिटविण्याचा तिला अधिकारच नव्हता.

तिसरे कारण मंडळीच्या नावाचे. ह्याचे उत्तर आम्ही देण्यापेक्षा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाने द्यावे हे बरे. दावीदाची कन्या तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन ह्याने बलात्कार केला. तिने डोक्यावर राख घातली, वस्त्र फाडिले, आणि मोठ्याने आक्रोश करीत ती निघाली. तिने काही लपविले नाही. लपविले ते घरच्यांनी. भाऊ अबशालोम ह्याने तिला गप्प राहण्यास सांगितले, कारण अपराधी घरचाच होता. दावीद राजास हे कळले तेव्हा तो फार संतापला. परंतु संतापापलीकडे त्याने काय केले ते शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. तो राजा होता, न्यायाधीश होता, बापही होता. तीनही नात्यांनी त्याने न्याय करावयाचा होता, आणि तो त्याने केला नाही. तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहिली. दोन वर्षे घराण्याचे नाव राखले गेले. मग अबशालोमाने अम्नोनास ठार केले, आणि त्यातूनच पुढे ज्या बंडाळीची बीजे पेरली गेली तिने दावीदास स्वतःच्या नगरातून अनवाणी पळावयास लाविले. न्यायाची वाट बंद केली म्हणजे सूडाची वाट उघडते. जे घराणे नाव राखण्यासाठी मुलीस गप्प बसविते, त्याचे नावही शेवटी राहत नाही. पवित्र शास्त्राने ही लाजिरवाणी हकीकत दावीदाच्या थोरवीकडे पाहून गाळली नाही. मग आपण आपल्या मंडळीच्या नावासाठी असे काही झाकून ठेवावे काय?

जखमी मनुष्यास विसरण्याची ही चूक केवळ मंडळ्यांचीच आहे असे मात्र नाही. राज्यांनीही ती शतकानुशतके केली. अपराध्यास धरावे, शिक्षा द्यावी, दंड सरकारजमा करावा. ज्याचा हात मोडला त्याने आपला हात घेऊन घरी जावे, अशीच रीत होती. मोशेच्या नियमशास्त्रात मारणाऱ्याने जखमी मनुष्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी आणि त्याला पूर्ण बरे करवावे, अशी आज्ञा होती. परंतु पुढील काळच्या राज्यांनी ती बाजूस टाकिली. ख्रिस्ती लोकांनी बंदिवानांची आठवण ठेविली हे आपले भूषण आहे. परंतु बंदिवानाने ज्यास जखमी केले त्याची आठवण तितकी ठेविली नाही.

ह्या अन्यायाकडे लोकांचे लक्ष वेधणाऱ्यांत इंग्लंडातील मार्जरी फ्राय ह्या बाईंचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८७४ साली क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती घराण्यात झाला. त्यांचे आयुष्य बहुतेक तुरुंगसुधारणेच्या कामी गेले. म्हणजे त्या अपराध्यांच्या वैरी नव्हत्या. त्यांनी एक उदाहरण पुढे मांडिले. १९५१ साली मारहाणीत एका मनुष्याचे डोळे गेले. त्याला ११,५०० पौंड भरपाई ठरली. आणि मारणाऱ्या दोघांनी आठवड्यास प्रत्येकी ५ शिलिंग द्यावेत असा हुकूम झाला. वीस शिलिंगांचा एक पौंड. हिशेब केला तर शेवटचा हप्ता हाती पडावयास त्या आंधळ्या मनुष्यास आणखी ४४२ वर्षे जगावे लागले असते! फ्रायबाईंचे म्हणणे असे की, प्रजेचे रक्षण करण्याचे काम राज्याने आपल्याकडे घेतले आहे. तेव्हा रक्षण करण्यात ते कमी पडले तर जखमी मनुष्याची भरपाईही राज्याने करावी. १९५८ साली त्या वारल्या. त्यांच्या मागून १९६४ साली प्रथम न्यूझीलंडात आणि मग ब्रिटनात अशी योजना सुरू झाली, आणि १९८५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने गुन्ह्यास बळी पडलेल्यांच्या हक्कांचा जाहीरनामा काढिला.

आपल्या देशात ही जाणीव येण्यास महाराष्ट्रातीलच एका मुलीचे दुःख कारण झाले. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका अनाथ, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोघां पोलिसांस दोषी ठरविले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडून दिले, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, म्हणून तिची संमती असावी असे मानिले गेले. दुसऱ्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहून ह्या निकालाचा निषेध केला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस अथवा अशाच अधिकाऱ्याच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे ठरले. अशा स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हाही गुन्हा ठरला. ह्या हकीकतीत आमच्या मनास लागते ती गोष्ट ही की, ठाण्याच्या आत त्या मुलीजवळ कोणी नव्हते. तिच्या शेजारी एखादा जाणता मनुष्य, एखादा वकील असता, तर? हाच विचार पुढे न्यायालयासही सुचला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, अत्याचार झालेल्या स्त्रीस ठाण्यातच वकिलाची मदत मिळावी, तसा हक्क तिला आहे हे तिला सांगण्यात यावे, आणि अशा वकिलांची यादी ठाण्यात ठेवावी.

आज कायद्याने ज्या सोयी करून ठेविल्या आहेत त्या आम्ही येथे मुद्दाम देतो. प्रत्येक उपदेशकाने त्या आपल्या वहीत उतरून घ्याव्यात, कारण उतारशाळा कोठे आहे हे ठाऊक नसलेला शोमरोनी जखमी मनुष्यास घेऊन जाणार कोठे?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली झाला आणि १९९५ साली अमलात आला. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तेथे अर्ज केल्यास सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रिया आणि मुले ह्यांस त्यासाठी उत्पन्नाची अट नाही; अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि वेठबिगारीत अथवा माणसांच्या व्यापारात सापडलेले ह्यांसही नाही. इतरांस सरकारने ठरविलेल्या उत्पन्नमर्यादेत असल्यास ही मदत मिळते. दूरध्वनीचा क्रमांक १५१०० आहे. तातडीच्या मदतीस ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडप्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तीप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे म्हणून ठाण्यास परत पाठविता येत नाही. लिहून घेतलेल्या खबरीची नक्कल फुकट मिळते. ठाण्याने खबर घेतली नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांस लेखी कळवावे, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. तपास कोठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीस अथवा पीडितास कळवावे लागते. बलात्कार अथवा अम्लहल्ला झाला असता प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खाजगी, ताबडतोब आणि फुकट उपचार केलेच पाहिजेत. आरोपी सुटला तर त्या निकालावर अपील करण्याचा हक्क पीडितास २००९ च्या अखेरीपासून मिळाला आहे.

त्याच वेळेपासून भरपाईचीही तरतूद आहे. अपराधी सापडला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरीही पीडिताने अथवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हावयाची असते. महाराष्ट्रात अत्याचार व अम्लहल्ला झालेल्या स्त्रिया आणि मुले ह्यांसाठी २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. २०१५ पासून ‘सखी’ नावाची केंद्रे निघाली. तेथे औषधोपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला आणि थोडे दिवस आसरा ही एकाच ठिकाणी मिळतात. ही भरपाई घेणे म्हणजे भीक घेणे नव्हे, आणि अब्रूची किंमत घेणेही नव्हे. रात्रीच्या बैठकीत गुपचूप ठरलेले काही हजार रुपये तोंड बंद करण्याची किंमत होती; कायद्याने मिळणारी भरपाई ही ‘तुजवर अन्याय झाला’ ह्या सत्याची कबुली होय. दोन्ही पैसेच असले तरी एक सत्य विकत घेतो, दुसरा सत्याची साक्ष देतो.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे, ज्यांचे पूर्वज अस्पृश्य गणलेल्या जातींतून आले ते ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींत मोजले जात नाहीत. त्यामुळे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे विशेष संरक्षण त्यांस मिळत नाही. आदिवासी बांधवांस मात्र धर्म बदलल्याने ही बाधा येत नाही. परंतु म्हणून ‘आपणांस कायदाच नाही’ असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. वर सांगितलेल्या खबर, नक्कल, उपचार, भरपाई आणि अपील ह्यांस जातीची अथवा धर्माची अट नाही.

आता मंडळीचे कर्तव्य. आमच्या मते ते चार प्रकारचे आहे.

पहिले, सोबत करणे. ठाण्याची पायरी एकट्या विधवेस डोंगराएवढी वाटते. पाळक, उपदेशक अथवा एखादी जाणती बहीण तिच्याबरोबर गेली, तर तीच पायरी पायरीएवढी राहते. शोमरोन्याने वाटसरूस पत्ता सांगितला नाही. आपल्या जनावरावर बसवून स्वतः नेले. आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात स्वतः जाऊन निराधार मुलींस आणिले, आणि केडगावास त्यांस घर दिले. समाजाने टाकिलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपासदनही निघाले. ही वाट आपणांस नवी नाही. आपल्याच आयांनी ती तुडविलेली आहे.

दुसरे, नाव झाकणे आणि गुन्हा न झाकणे. आपण बहुधा ह्याच्या उलट करितो. अशा मुलीचे नाव छापणे किंवा प्रसिद्ध करणे कायद्याने मना आहे, आणि प्रार्थनासभेत नाव घेऊन ‘ह्या बहिणीवर असा प्रसंग आला’ असे सांगणे हेही प्रीतीस सोडून आहे. देवास नाव ठाऊक आहे. शेजाऱ्यांस कळविण्याचे कारण नाही.

तिसरे, लेकरांविषयी मौन न धरणे. अठरा वर्षांखालील मुलावर अथवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास कळले, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे, असे २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो. न कळविणारा स्वतः शिक्षेस पात्र होतो. आमच्या हकीकतीतील मुलगी सोळा वर्षांची होती. म्हणजे त्या रात्री प्रार्थना करून घरी गेलेले चौघेही कायद्यापुढे अपराधी झाले. लहानांपैकी एकास अडखळण करणाऱ्याविषयी प्रभूने किती कठोर शब्द काढिले आहेत, हे उपदेशकांस आम्ही सांगावयास नको.

चौथे, शेवटपर्यंत टिकणे. न्यायालयाची वाट लांब आहे हे आम्ही लपवीत नाही. तारखांवर तारखा पडतात, मजुरी बुडते, उलटतपासणीत नको ते प्रश्न येतात, कधी साक्षीदार फिरतात आणि आरोपी सुटतो. ‘मग जाऊन काय मिळाले?’ असे लोक विचारतील. परंतु प्रभूच्या दुसऱ्या एका दाखल्यातील विधवा बेपर्वा न्यायाधीशाच्या दारी पुन्हापुन्हा गेली, आणि प्रभूने तिला हट्टी म्हटले नाही. प्रार्थनेचा कित्ता म्हणून तिला आपणांपुढे ठेविले. निकाल आपल्या हाती नाही. तिला एकटी सोडावयाची की नाही, एवढे आपल्या हाती आहे. शोमरोन्यानेही उतारशाळेच्या रखवालदारास सांगितले होते की, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. तो परत येणार होता. आणि पहिल्या दिवशीच्या तेलापेक्षा हे परत येणे अधिक कठीण होय.

कोणी विचारील, त्या तरुणाच्या आत्म्याचे काय? त्याजवर मंडळीने प्रीती करू नये काय? अवश्य करावी. तुरुंगात त्याला भेटावे, त्याजसाठी रडावे. परंतु त्याचे पाप झाकणे ही त्याजवर प्रीती नव्हे. जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने केवळ अश्रू ढाळिले नाहीत. ज्यांस लुबाडले त्यांस चौपट परत देण्याचे त्याने उभे राहून कबूल केले. ज्या पश्चात्तापात जखमी मनुष्यास जागा नाही, तो पश्चात्ताप अर्धा आहे. आपण त्या तरुणास सत्यापासून वाचविले, तर त्याला तारणापासूनही दूर ठेविले.

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. क्षमा कोणी करावयाची? जिच्यावर अपराध झाला तिने. आणि तीही आपल्या वेळी, आपल्या मनाने, देवाने बळ दिल्यावर. ती वर्षाने येईल, दहा वर्षांनी येईल, अथवा ह्या जन्मी तिच्या ओठांवर येणारही नाही. ते ती आणि तिचा देव जाणोत. आपण तिची घाई करू नये. जखम उघडी असता वर चादर घातली म्हणजे जखम भरत नाही. ती आत चिघळते. आधी धुवावी, तेल लावावे, बांधावी, आणि जवळ बसावे. एवढेच शोमरोन्याने केले. त्या जखमी मनुष्यास त्याने चोरांस क्षमा करण्याविषयी उपदेश केला, असे प्रभूने कोठेही सांगितले नाही.

पुढच्या वेळी एखादी विधवा पदराने तोंड झाकून आपल्या दाराशी येईल, तेव्हा दिवा मोठा करून तिला आत घ्यावे, तिचे बोलणे पुरते ऐकावे, आणि सकाळी तिच्याबरोबर तालुक्यास जावयास निघावे. ती वाट चालण्याचे धैर्य प्रभू आपल्या सर्व मंडळ्यांस देवो.